लिहायची सवय लावताना: सोलापुरातल्या नव्या लेखकांसाठी

आपल्या सोलापुरात लिहू पाहणाऱ्यांची कमी नाही. यंत्रमागावर पाळी करणारा मुलगा मोबाइलमध्ये कविता साठवतो. विड्या वळता वळता एखादी बाई मनातल्या मनात अख्खी गोष्ट रचते. बँकेतून निवृत्त झालेले काका आठवणी लिहायला घेतात. यातले बरेच जण दोन-तीन महिन्यांत थांबतात आणि विचारलं की म्हणतात, "सुचेनाच." मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहते आणि नोकरी, घर सांभाळून कथा लिहिते. थांबलेल्या अनेकांशी मी बोलले आहे. सुचत सगळ्यांनाच होतं. पण कुणाची झोप पुरी होत नव्हती, कुणाची पाठ धरली होती, कुणाला रात्री अकराशिवाय निवांत वेळच मिळत नव्हता आणि तोवर डोळे मिटायला लागायचे. लिहिणं शरीरानंच करायचं असतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून या लेखात शैली, कथानक वगैरे जवळजवळ नाही. रोज लिहायला बसता यावं आणि पाच-दहा वर्षांनीही बसता यावं, यासाठी काय करायचं, एवढंच आहे.

आधी जवळ काय हवं

- दोनशे पानी रेघांची वही आणि जाडसर पकडीची दोन पेनं
- खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी डायरी
- पाठीला टेका देणारी खुर्ची. खाली बसायची सवय असेल तर उतरतं डेस्क आणि जाड उशी
- टेबलावरचा एलईडी दिवा. लाइट गेली तरी चालणारा, चार्जिंगचा असेल तर उत्तम
- पाण्याची बाटली
- मेडिकल दुकानात मिळणारे कानात घालायचे फोमचे बोळे
- फोनवर मराठी कळफलक
- एक मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाच्या नियमांचं छोटं पुस्तक

लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. पहिलं वर्षभर त्याची गरज पडत नाही.

## १. वेळ ठरवा आणि ती रोजच्या कामाला बांधा

"उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहिणार" हा संकल्प आठवडाभर टिकतो. घड्याळातल्या आकड्याला लिहिणं जोडलं की पाच वाजून गेल्यावर आजचा दिवस गेलाच असं वाटतं. त्याऐवजी रोज होतंच अशा एखाद्या कामाला ते जोडा. सकाळचं दूध तापवून गॅस बंद केला की वही उघडायची. दुकानाचं शटर वर करून उदबत्ती लावली की गिऱ्हाईक यायच्या आत पाऊण पान. कारखान्यात दुपारचा डबा खाऊन धुतला की उरलेली वीस मिनिटं. काम तेच, जागा तीच, त्यानंतर वही. हळूहळू डबा धुताना पुढचं वाक्य आपोआप डोक्यात यायला लागतं.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरेत. अधिक वेळ मिळाला तर बसा, पण रोजचा नेम पंधरा मिनिटांचाच ठेवा. शब्द मोजायच्या नादाला लागू नका. रोज हजार शब्दांचा नेम केलेल्या माणसाचे साडेतीनशे झाले की तो दिवसभर स्वतःवर चिडलेला असतो. वेळेचा नेम केला तर एकच ओळ झाली तरी तो पाळला गेलेला असतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर याचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. दोन-तीन महिने द्या.

खाडे होणारच, ते आधीच ओळखून ठेवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, पिंपं, हंडे भरण्यात सकाळ जाते. तो दिवस लिहिण्याच्या सुट्टीचा धरा किंवा त्या दिवशी वही संध्याकाळी उघडायचं ठरवा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, घरी आलेले पाहुणे, उन्हाळ्यातली लग्नं, मुलांच्या परीक्षा यांचंही तसंच. ठरवून घेतलेली सुट्टी सवय मोडत नाही. "आज जमलं नाही, उद्या दुप्पट लिहीन" म्हटलं की मात्र ती मोडायला लागते, कारण उद्याचं दुप्पट काम बघून उद्याही वही उघडत नाही.

## २. मार्च ते जूनचं वेळापत्रक वेगळं ठेवा

लेखनाच्या सवयींबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं थंड गावांतल्या माणसांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही आणि रात्री अकरा वाजले तरी भिंती गरमच असतात. अशा दिवसांत नेहमीचं वेळापत्रक ओढत नेऊ नका.

उन्हाळ्यात लिहिण्याची खरी वेळ पहाटेची, साडेपाच ते साडेसात. गच्चीवर झोपत असाल तर उठल्या उठल्या तिथंच वही घ्या. अंथरूण गुंडाळायच्या आत दोन पानं होतात. दुपारी बारा ते चार नवं लिहायला बसू नका. या वेळात फार तर वाचा, जुनं लिहिलेलं नजरेखालून घाला, किंवा सरळ झोपा. कमी झोपलेल्या उन्हाळी रात्रीनंतर दुपारची अर्ध्या तासाची डुलकी मिळाली तर संध्याकाळचं डोकं जागेवर राहतं.

तहान लागायची वाट बघू नका. लिहिण्यात गुंतलेल्या माणसाला तहान उशिरा कळते. डोकं जड होणं, एकच ओळ चार वेळा वाचावी लागणं, चिडचिड होणं, लघवी गडद पिवळी होणं, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. वहीशेजारी बाटली ठेवा. ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चालेल. उन्हातून आल्यावर गरगरत असेल, मळमळत असेल तर लिहिणं बाजूला ठेवून सावलीत आडवं व्हा आणि क्षारसंजीवनी (ओआरएस) घ्या. अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी मारत, वारा घालत लगेच दवाखाना गाठायचा.

आणखी एक. उन्हाळ्यात कमी लिहिलं जातं हे धरूनच चला. मोठा मजकूर, कादंबरीचं प्रकरण, दीर्घकथा यांचा पहिला खर्डा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत बसवा आणि उन्हाळा छोट्या गोष्टींना, टिपणांना, दुरुस्तीला ठेवा.

## ३. बसायची जागा

घरात वेगळी खोली नसली तरी चालतं. ठरलेला कोपरा मात्र हवा. त्या कोपऱ्यात वही, पेन, दिवा कायम असू द्या. रोज शोधाशोध करावी लागली की पंधरातली सात मिनिटं त्यातच जातात.

खुर्चीवर बसत असाल तर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नसतील टेकत तर खाली पाट घ्या. कोपर साधारण काटकोनात राहील एवढी टेबलाची उंची हवी. लॅपटॉप वापरत असाल तर त्याखाली जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि कळफलक वेगळा जोडा. मान खाली घालून तासन्‌तास फोनवर टाइप करणं हे नव्या लेखकांच्या मानदुखीचं मोठं कारण आहे. फोन हातात धरण्यापेक्षा उंच टेकवून ठेवा.

खाली बसून लिहिणाऱ्यांनी वही मांडीवर किंवा जमिनीवर ठेवू नये. आपल्या जुन्या पेढ्यांमध्ये मुनीमजींसमोर असतं तसं उतरतं डेस्क करून घ्या. सुतार साध्या प्लायचं करून देतो. पुढच्या बाजूनं बुटकं, मागच्या बाजूनं उंच. त्यानं मान बरीच कमी वाकते. बुडाखाली जाड उशी घेतली की गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि कंबर धरत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा उठाच. उठायची आठवण म्हणून मी बाटली मुद्दाम दोन पावलं लांब ठेवते.

पूर्व भागात राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. शेजारी माग सुरू असतो आणि खटखट थांबत नाही. जन्मापासून तिथं राहिलेल्यांना त्या आवाजात लिहिता येतं, बाहेरून आलेल्यांना नाही. फोमचे बोळे नीट पिळून, कान किंचित मागे ओढून आत बसवले तर आवाज बराच उतरतो. गाणी लावून आवाजावर आवाज चढवू नका; कानांना त्रास होतो आणि गाण्यातले शब्द वाक्यात घुसतात.

घरी जमतच नसेल तर बाहेर पडा. हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. सकाळी लवकर हुतात्मा बागेतला बाक आहे. शाळा-कॉलेजात शिकत किंवा शिकवत असाल तर तिथलं ग्रंथालय आहे. कॅन्टीन, हॉटेल टाळा. तिथं बसायचं म्हणजे दर अर्ध्या तासाला चहा मागवावा लागतो.

## ४. खर्डा आणि दुरुस्ती एका बैठकीत करू नका

लिहिताना मागे जाऊन शब्द बदलणारा माणूस थकतो लवकर आणि पुढे सरकत नाही. खर्डा करताना फक्त पुढं जायचं. शब्द अडला तर तिथं कंस टाका आणि चला. र्‍हस्व-दीर्घ नंतर बघू. दुरुस्तीचा दिवस वेगळा, पेनाची शाई वेगळी.

बैठक संपवताना सगळं संपवून उठू नका. पुढं काय होणार हे माहीत असतानाच पेन खाली ठेवा आणि समासात एक ओळ लिहून ठेवा: "आता मामा स्टेशनवर पोचतात." दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही.

छोटी डायरी वेगळ्या कामासाठी. सिटी बसमध्ये, रेशनच्या रांगेत, सिव्हिलच्या ओपीडीत ऐकलेली वाक्यं त्यात तशीच्या तशी उतरवा. आपल्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी नांदतात आणि माणसं एका वाक्यात दोन-दोन भाषा मिसळतात. "काय करलालास बे?" असं विचारणारा मित्र कथेत आला की "तू काय करत आहेस?" म्हणायला लागतो, कारण लिहिणाऱ्याला वाटतं, छापायचं म्हणजे पुण्याचं बोललं पाहिजे. तसं करू नका. याच गावच्या शाहीर राम जोशींनी संस्कृत आणि मराठी एकाच लावणीत गुंफलं आणि ती उत्तर पेशवाईत गाजली. पात्र बोलतं तसंच लिहा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, हे पुढं ठरवता येतं, पण कानावर पडलेलं वाक्य त्याच दिवशी टिपलं नाही तर त्याचा हेल जातो.

## ५. मनगट आणि डोळे

दिवसभर हातानं काम करणाऱ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, संगणकावर नोंदी करणाऱ्या माणसांचं मनगट संध्याकाळपर्यंत आधीच थकलेलं असतं, आणि आपण त्यावर पुन्हा लिहिण्याचा भार टाकतो.

पेन घट्ट दाबून धरू नका. पेन बारीक असेल तर त्यावर रबराची पकड चढवा. जेलचं किंवा शाईचं पेन कागदावर कमी दाबून चालतं. लिहायच्या आधी बोटं पसरून मिटणं, मनगट हळू दोन्ही दिशांना फिरवणं, एवढं मिनिटभर करा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, हातातली कपबशी सुटत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. याला कार्पल टनेल म्हणतात. मधुमेह आणि थायरॉइड असलेल्यांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. बाम चोळत महिने काढू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा; सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टा बांधून अनेकांना आराम पडतो, उशीर केला तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू झिजतो.

हाताला विश्रांती हवी असेल तेव्हा बोलून लिहा. फोनच्या कळफलकावरच्या माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की मजकूर उमटतो. विरामचिन्हं बहुतेक वेळा हातानं घालावी लागतात आणि बोलीतले शब्द तो प्रमाण करून टाकतो, तेवढं तपासायचं. विड्या वळता वळता गोष्ट रचणाऱ्या बाईसाठी हे साधन फार उपयोगाचं आहे. हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं.

डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नेम: दर २० मिनिटांनी, २० फूट लांबच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात, आणि आपल्या कोरड्या हवेत ते आणखी वाढतं. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. अंधारात फक्त फोनच्या उजेडात लिहू नका, खोलीत दिवा असू द्या. चाळिशी उलटली असेल आणि वही लांब धरावीशी वाटत असेल तर नंबर काढून घ्या. चष्मा टाळणाऱ्यांची डोकेदुखी बहुतेक वेळा तिथूनच येते.

## ६. चाला

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्या आणि चालणाऱ्या लोकांना एकाच प्रकारचे कल्पकतेचे प्रश्न दिले. चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या. भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा उपयोग झाला नाही. त्याचा आपल्यापुरता वापर असा: पुढं काय घडवावं सुचत नसेल तर उठून चाला, आणि शुद्धलेखन तपासायचं असेल तर बसून करा.

सिद्धेश्वर तलावाच्या काठानं सकाळी चालता येतं. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं तो तलाव आहे ते बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची कन्नड वचनं आजही म्हटली जातात, आणि तलाव खोदण्याच्या कामात ते स्वतः राबले असं परंपरा सांगते. श्रम आणि रचना एकाच माणसात नांदल्याचं हे उदाहरण आपल्या गावच्या मधोमध आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. विजापूर रस्त्याकडे राहणाऱ्यांना कंबर तलाव जवळ पडतो. हिवाळ्यात तिथं पक्षीही बघायला मिळतात. चालताना फोन खिशातच ठेवा. डायरी मात्र जवळ असू द्या.

## ७. चहा, जेवण, झोप

चहा सोडा असं मी सांगणार नाही. वेळ तेवढी बघा. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला लिहायला बसून कडक चहा घेतला तर तो पहाटे तीनलाही थोडा अंगात असतो. शेवटचा चहा संध्याकाळी पाचपर्यंत.

लिहिताना मावा, तंबाखू किंवा सिगारेट लागते असं म्हणणारे खूप भेटतील. तंबाखूची तलफ लिहिण्याच्या वेळेला चिकटली की पुढं एकाशिवाय दुसरं जमेनासं होतं. पहिल्या दिवसापासून ही जोडी जुळू देऊ नका. आधीच जुळली असेल तर लिहिण्याची जागा आणि वेळ दोन्ही बदला. दारूचंही तेच.

भरल्या पोटी लगेच लिहायला बसलं की पेंग येते आणि रिकाम्या पोटी चिडचिड होते. पहाटे लिहिणाऱ्यांनी आधी थोडं काही खावं. कडक भाकरीचा तुकडा आणि दही-शेंगाचटणी ठेवलेली असली तर चूल पेटवावी लागत नाही, घरातल्यांची झोपही मोडत नाही.

झोप कापून लिहू नका. प्रौढ माणसाला रात्री सात तास तरी हवेत. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा खिडकीला जाड चादर लावून तेवढी झोप पुरी करावी आणि लिहायला पाळीच्या आधी बसावं. पाळी संपल्यावर दमलेल्या डोक्यानं लिहिलेलं पुष्कळदा फाडावंच लागतं.

## ८. जुनी दुखणी लिहिताना

नवा लेखक पहिल्यांदा स्वतःची जखम लिहितो. आपल्या गावात त्यासाठी विषय शोधायला जावं लागत नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्या बंद पडल्या, त्या घरांतली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि लिहू लागली आहेत. बापाचं घरी बसणं, आईच्या हातातल्या विड्या, विकलेली भांडी. हे लिहिलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण ते लिहिताना माणूस आतून हलतो, त्याची तयारी करून बसा.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या आघाताबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्या विद्यार्थ्यांना अधिक वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र आघात आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. यातून मी घेतलेले नियम असे:

- अशा मजकुराला वेळेची हद्द घाला. पंधरा-वीस मिनिटांनी वाक्य अर्धं असलं तरी थांबा.
- झोपायच्या आधी हे लिहू नका. सकाळी किंवा दुपारी लिहा.
- लिहून झाल्यावर हाताचं काम करा: भाजी निवडा, झाडांना पाणी घाला, कुणाशी तरी साधं बोला.
- लिहिलेलं आठवडाभर कुणाला दाखवू नका आणि कुठं टाकूही नका.
- एखादा प्रसंग लिहवत नसेल तर सोडा. दोन वर्षांनी लिहिता येईल.

घरच्यांची, शेजाऱ्यांची खरी नावं काढून टाका. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण गल्लीतली माणसं व्यवसायावरून आणि बोलण्यावरून ओळखतात. दोन माणसांचं मिळून एक पात्र करा.

लिहिण्यानं हलकं वाटण्याऐवजी दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, तर लिहिणं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. जीव नकोसा वाटतोय असा विचार मनात आला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. संवेदनशील लेखकानं दुःखी राहिलंच पाहिजे, या समजुतीनं फार नुकसान केलं आहे. बरं झालेला माणूस वाईट लिहायला लागत नाही.

## ९. वाचून दाखवा, टाइप करा, पाठवा

तीन-चार महिने झाले की एक श्रोता शोधा. एकच, फार तर दोघं. "छान आहे" म्हणणारा नको, "इथं मला कंटाळा आला" म्हणणारा हवा. मोठ्यानं वाचून दाखवा. अडखळलात ती वाक्यं दुरुस्तीची. व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या गटांत रोजची कविता टाकायची घाई करू नका. अंगठे आणि फुलं मोजायची सवय लागली की ज्या दिवशी ती येत नाहीत त्या दिवशी वही उघडत नाही.

टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर अक्षरं तशीच दिसतील अशा पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची चिन्हं होतात. एक प्रत फोनवर, एक स्वतःलाच मेल करून ठेवा.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची. नव्या लेखकाला छापून यायला आजही ती चांगली वाट आहे. अंक दिवाळीला निघत असला तरी मजकूर जून-जुलैच्या सुमारास पाठवावा लागतो, म्हणजे आपल्या उन्हाळी दुरुस्तीच्या दिवसांनंतर लगेच. पाठवताना सोबत हे ठेवा:

- युनिकोडमधली फाइल, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या
- चार ओळींचा परिचय
- मजकूर स्वतःचा आणि अप्रकाशित असल्याचं एक वाक्य
- मानधनासाठी बँकेचा तपशील, मागितला तरच

एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका.

सर्वांत मोठा सापळा इथं आहे. "तुमची कविता निवडली आहे, प्रातिनिधिक संग्रहासाठी सहभाग शुल्क भरा", "तुम्हाला राज्यस्तरीय पुरस्कार जाहीर झाला आहे, सन्मानचिन्हाचा खर्च पाठवा" असे निरोप नव्या लेखकांना येतातच. शुल्क मागणारी निवड ही निवड नसते. पैसे भरू नका. पुस्तक काढायचा प्रस्ताव आला तर करार लेखी मागा: प्रती किती, खर्च कुणाचा, हक्क कुणाकडे. आपल्या कायद्यानं लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तो कायमचा लिहून देण्याच्या कागदावर सही करण्याआधी ओळखीच्या वकिलाला दाखवा.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: काय पाठवलं, कुठं, कोणत्या तारखेला. नकार आला तर तारीख टाका, मजकूर एकदा वाचा, हवं ते बदला आणि आठवड्याच्या आत पुढच्या ठिकाणी पाठवा. तीन महिने काहीच उत्तर आलं नाही तर एक विचारणा करा. दिवाळी अंकाच्या बाबतीत इतकं थांबू नका, ऑगस्टअखेर फोन करून विचारा; घेत नसतील तर तीच कथा मासिकाला पाठवता येते.